शाळेसाठी एक सीएल

रविवारी सकाळी सहाला नाशिक फाट्यावर गाड्या जमतात. चाकणचं ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत राजगुरुनगर मागे टाकायचं, मंचरला चहा, नारायणगावात मिसळ आणि मग जुन्नर. पुढे कुणाला शिवनेरी, कुणाला नाणेघाट, कुणाला जीवधन. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा हा ठरलेला वीकेंड. वाटेत एखाद्या वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा लागते. भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवलेला, डब्याच्या खिडकीतून हात हलवणारी कार्टून्स आणि दाराला कुलूप. ‘सो क्यूट!’ म्हणून एक फोटो निघतो. परतीच्या वाटेवर चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, ‘‘पण झेडपीच्या शाळांचं काही खरं नाही राव.’’ सगळे माना डोलावतात.

गंमत बघा. रविवारची बंद शाळा बाहेरून बघायची आणि तिला नापास करून मोकळं व्हायचं!

मीही याच पंगतीतली. पण यंदा मे महिन्यात प्रश्न थेट घरातच आला. आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून थोडं आत, माझी मावसबहीण राहते. तिची मुलगी पाचवी पास होऊन सहावीत जाणार होती. वाडीवरची झेडपीची शाळा सातवीपर्यंत आहे. पण वाडीच्या तोंडाशी रोज सकाळी पिवळी व्हॅन येते आणि टाय लावलेली आठ-दहा पोरं इंग्लिश मीडियमला घेऊन जाते. ताईचा भाऊ हिंजवडीत, आयटीत. त्यानं एका वाक्यात विषय संपवला, ‘‘फीचं मी बघतो, तिला व्हॅनमध्ये बसव.’’ शेवटी मामा तो! ताई काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना मात्र मला म्हणाली, ‘‘तू पेपरात लिहितेस ना? मग तूच सांग, आमची शाळा चांगली का वाईट?’’

मला सांगता येईना. हॉटेलला स्टार देता येतात, पिक्चरला देता येतात. शाळेला कशावरून द्यायचे?

म्हणून जुलैतल्या एका बुधवारी मी गेले. (फ्रीलान्सरला सीएल नसते. त्या दिवशी लेख होत नाही आणि त्याचे पैसे येत नाहीत, एवढंच.)

पाटी नसलेली शाळा

पहिला घोळ नावापासून. अमेरिकन सीरियल्समध्ये ‘मिडल स्कूल’ असतं. आपल्याकडे अशी पाटी सहसा दिसत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी वाटणी केली. पण गावातली घडी जुनी. झेडपीची शाळा चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत, आणि पुढे एखाद्या संस्थेचं हायस्कूल. डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी पट्ट्यात तिसरा प्रकार म्हणजे घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळा. तिथं मुलं राहून शिकतात. म्हणजे सहावी-सातवी-आठवी ही तीन वर्षं वेगवेगळ्या घरी वाटलेली.

आणि नेमकी हीच वर्षं नाजूक. गणितात आकड्यांच्या जागी अक्षरं येतात, विज्ञान गोष्टीतून प्रयोगाकडे जातं आणि काही घरांत मुलींच्या बाबतीत ‘आता पुढे कशाला?’ सुरू होतं. पहिलीत शाळा कमी पडली तर आई घरी बसवून बाराखडी घेते. सहावीतलं बीजगणित कोण घेणार? तुम्हालातरी पटकन आठवतं का? खरं सांगा.

रंग, रिझल्ट आणि टाय

आपण शाळा कशावरून जोखतो? एक, रंगावरून. रंगाचा अर्थ इतकाच की कधीतरी लोकवर्गणी झाली किंवा एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी आला. दोन, फ्लेक्सवरून. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेल्या चार पोरांचे फोटो बघताना आपण विचारतच नाही, की वर्गात एकूण किती होती आणि परीक्षेला बसवली किती? तीन, टायवरून. टाय दिसला की इंग्रजी आलं, आणि इंग्रजी आलं की शिक्षण आलं, असा आपला सोपा हिशोब.

मामाचा हिशोबही हाच होता. वाईट काही नव्हतं त्यात. इंटरव्ह्यूला इंग्रजीत अडखळल्याचं त्याच्या अजून लक्षात आहे. भाचीवर ती वेळ येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

दहा मिनिटांची टेस्ट

‘प्रथम’ ही संस्था 2005 पासून ‘असर’ नावाचा सर्व्हे करते. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे हे लोक शाळेत न जाता मुलांच्या घरी जातात. दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला देतात, एक हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग. बास. एवढ्या साध्या चाचणीत 2024 साली ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी 44.8 टक्के मुलांना तो दुसरीचा उतारा वाचता आला. कोविडनंतर, 2022 मध्ये, हाच आकडा 38.5 होता. म्हणजे सुधारणा आहे, पण निम्म्याहून जास्त पोरं अजून अडखळतायत. ‘झेडपीचं काही खरं नाही’ म्हणणारे अगदीच चूक नसतात, ते मान्य करू.

मी ओट्यावर बसून भाचीची टेस्ट घेतली, आणि व्हॅननं जाणाऱ्या, तिच्याच वयाच्या शेजारच्या मुलाचीही. भाचीनं मराठी उतारा घडाघडा वाचला, गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली, भागाकार बाकीसकट केला. इंग्रजीत मात्र चौथ्या ओळीला अडकली. मुलानं इंग्रजी उतारा फाडफाड वाचला. ‘‘काय झालं रे या गोष्टीत?’’ म्हटल्यावर हसला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. भागाकार अर्धा सोडला. पण अनोळखी बाईशी बोलायला तो आधी पुढे आला, भाची नाही. एकेका पोरावरून शाळेला नापास करू नये, कळतं मला. पण टाय आणि रंग बघून मला यातलं काहीच कळलं नसतं.

बुधवारी दिसलं ते

शाळेत सरांनी बसू दिलं. सहावी आणि सातवी एकाच खोलीत. अपूर्णांक चालू होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाला सरांनी फळ्याशी बोलावलं. त्याला येईना. पुढच्या बाकावरचे तीन हात वर. सरांनी हात खाली करायला लावले आणि थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. वर्गात दोन मिनिटांची शांतता किती मोठी असते, ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही. मुलानं भाकरीचं चित्र काढलं, पुसलं, पुन्हा काढलं आणि जमवलं. माझ्या लेखी शाळेचे तीन स्टार तिथंच झाले.

मग विज्ञानाचा तास. पुस्तकातून एकेकानं एकेक परिच्छेद वाचायचा. प्रयोगाचं साहित्य कपाटात, कपाट बंद. विज्ञान-गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. कायदा सांगतो की सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक हवा आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक जण हवा. इथं दोन माणसं सगळा गाडा ओढत होती. तीनातला एक स्टार कापला.

यात आणखी एक मेख आहे. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षक टिकवणंच अवघड झालं. शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. म्हणजे पिवळ्या व्हॅनमध्ये बसणारं प्रत्येक पोर पटावरचं एक नाव कमी करून जातं आणि मागे राहिलेल्यांचे सर पातळ होत जातात. मागे राहतात कोण? ज्यांचा मामा हिंजवडीत नाही ते.

सरांनी मागच्या वर्षीची हजेरी दाखवली. नोव्हेंबरात सहा नवी नावं, मार्चनंतर रेघ. या भागात पारगावचा भीमाशंकर आणि जुन्नरचा विघ्नहर असे दोन साखर कारखाने. दिवाळीनंतर ऊसतोड कामगार येतात, सोबत पोरंही. कायद्यानं त्यांना वयानुसार वर्गात बसवायलाच हवं. ‘‘बसवतो,’’ सर म्हणाले, ‘‘पण सहावीच्या पोराला तिसरीचं वाचन घ्यावं लागतं. ते मी मधल्या सुट्टीत घेतो.’’ कापलेला स्टार परत दिला.

वाट आणि दुर्बीण

शाळेचा दर्जा फाटकाच्या आत संपत नाही. इथल्या मुली सातवीनंतर हायस्कूलला जातात ती वाट उसातून. जुन्नर वनविभागात बिबट्या कधीच उसात राहायला आला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. 2025 मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांनंतर या पट्ट्यातल्या शाळांच्या वेळाही बदलाव्या लागल्या. तेव्हा ‘सातवीनंतर मुली कुठे जातात, कशानं जातात, आणि किती जणी जातच नाहीत?’ हा प्रश्न कुठल्याही परीक्षेच्या टक्क्यांएवढाच महत्त्वाचा.

आणि उंची बघायची असेल तर 28 फेब्रुवारीला खोडदला जा. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण! विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मॉडेल बघून ‘वा वा’ करू नका. मॉडेलमागच्या मुलीला विचारा, ‘‘ही वायर काढली तर काय होईल?’’ पाठ केलेलं पोर पहिल्यापासून सुरुवात करतं. समजलेलं पोर वायर काढून दाखवतं. शाळा तिथं कळते.

‘सरकारी शाळेत हे शक्य आहे का?’ असं वाटत असेल तर शेजारच्या खेड तालुक्यात बघा. तिथल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 साली ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतांवरचा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. तिथली नावाजलेली गोष्ट म्हणजे मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत. यात पैसा कमी आणि माणसं जास्त लागतात.

मग काय ठरलं?

मी ताईला स्टार सांगितले नाहीत. कागदावर दोन रकाने काढून दिले. शाळेत काय आहे: थांबणारे सर, वाचणारी मुलं, कुणालाही न टाळणारा वर्ग. काय नाही: विज्ञानाचे शिक्षक, इंग्रजीचा सराव, उघडं कपाट. आणि एक आठवण करून दिली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. व्हॅनवाल्या शाळेत तुम्ही गिऱ्हाईक. इथं तुम्ही कमिटी.

मामाला पटलं नाही. फोनवर चांगला अर्धा तास वाद झाला. ‘‘तुझ्या कमिटीच्या नादात पोरीचं वर्ष जाईल,’’ हे त्याचं वाक्य मला अजून टोचतं, कारण ते खोटं नाही. शेवटी मी म्हटलं, ‘‘एक सीएल टाक. एक दिवस मागच्या बाकावर बस. मग बोल.’’

ऑगस्टमध्ये तो गेला. दिवसभर बसला. संध्याकाळी मला फोन. म्हणाला, ‘‘सर भारी आहेत यार. पण सायन्स वाचून दाखवतात गं!’’ मग त्यानंच समितीसाठी पंचायत समितीला द्यायचा अर्ज टाइप केला, रिकाम्या जागेबद्दल. ताई सह्या गोळा करत चार घरं फिरली. कपाट उघडलंय. त्यातला भिंगाचा संच सध्या सातवीच्या ताब्यात आहे.

शिक्षक अजून आलेले नाहीत. फीचे पैसे मामानं वेगळे काढून ठेवलेत. एप्रिलमध्ये पुन्हा बसायचं, पुन्हा ठरवायचं. व्हॅनचा पर्याय खोडलेला नाही. पण आता ठरवताना ताईच्या हातात तो कागद असेल, आणि ती विचारेल त्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतील. दोन्ही शाळांना.

तुमचंही गाव असेल. तिथं भाची असेल, पुतण्या असेल, निदान तुम्ही फोटो काढलेली ती रेल्वेच्या डब्याची शाळा असेल. यंदाच्या सीएल संपल्या नसतील ना? एक ठेवा. आणि जाल तेव्हा पुढच्या बाकावर बसू नका.