कर कायद्याने, सूट मेहरबानीने

पनवेल महापालिकेच्या हद्दीतल्या घराला मालमत्ता कर लागतो तो कायद्याने. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कर कोणाला, कसा आणि न भरल्यास पुढे काय, हे सगळे लिहिलेले आहे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्तीही त्याच कायद्यात आहे. या घराचा मालक माजी सैनिक असेल तर त्याला करातून सूट आहे, पण तिला आधार आहे तो शासन निर्णयाचा, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘जीआर’चा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना मंजूर केली आणि तोवर शौर्यपदकधारक व त्यांच्या अवलंबितांपुरती असलेली सवलत सर्व माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना लागू झाली. निर्णय चांगलाच होता. तक्रार आहे ती तो ज्या कागदावर लिहिला गेला त्या कागदाबद्दल.

पनवेलमध्ये हा फरक जितका बोचतो तितका बहुधा दुसऱ्या कुठल्या शहरात बोचत नसेल. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुनी नगरपालिका, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे एकत्र करून पनवेल महापालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहतींतल्या लोकांच्या हाती मालमत्ता कराची बिले पडली ती २०२१ मध्ये, आणि आकारणी होती २०१६ पासूनची. सिडकोला सेवाशुल्क दिले असताना पुन्हा महापालिकेला कर कशाचा, यावरून मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या भांडणात इथे शिरायचे नाही. पण आता तारखा जुळवून पाहा. कराची आकारणी ऑक्टोबर २०१६ पासून, सवलतीचा निर्णय सप्टेंबर २०२० चा. मग कामोठ्यात राहणाऱ्या निवृत्त हवालदाराने मधल्या चार वर्षांचे काय करायचे? सूट मागील काळाला लागू समजायची की त्या चार वर्षांची रक्कम शास्तीसकट भरायची? कायद्यात सूट कोणत्या तारखेपासून लागू, हे कलमातच सांगावे लागते, आणि कलमाचा अर्थ लावण्यावरून वाद झाला तर न्यायालयात जाता येते. जीआरच्या बाबतीत हा प्रश्न खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यावर येऊन पडतो. तो बिचारा वरून मार्गदर्शन मागवतो. मार्गदर्शन येईपर्यंत शास्ती चालूच राहते.

शहराची हद्द ओलांडली की आणखी एक गंमत. विचुंबे, उसर्ली ही गावे नवीन पनवेलला अगदी लागून आहेत, पण महापालिकेत नाहीत. तिथे ग्रामपंचायत आहे. तिथल्या माजी सैनिकाच्या घरपट्टीची सवलत ग्रामविकास खात्याच्या अखत्यारीत येते, तर रस्त्याच्या अलीकडच्या त्याच्याच पलटणीतल्या मित्राची सवलत नगरविकास खात्याच्या. दोघांनी नोकरी केली एकाच सैन्यात, पेन्शन दोघांना एकाच सरकारची, पण दोघांना लागू असलेली परिपत्रके वेगळी. दोघांनाही जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. रायगड जिल्ह्याचे ते कार्यालय अलिबागला. पनवेलहून पेण, वडखळ करत सत्तरएक किलोमीटर. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश (पीपीओ), ओळखपत्र असा गठ्ठा पिशवीत घालून सत्तरीच्या वयात हा प्रवास करायचा. विधवा असेल तर तिचे नाव रेकॉर्ड ऑफिसच्या कागदात बरोबर चढले आहे की नाही, हा वेगळाच जाच. लग्नात नाव बदललेले, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर तिसरेच. तिने नवऱ्याबरोबर तीन छावण्यांत संसार केला याला साक्षीदार हवेत तितके सापडतील, पण स्पेलिंग जुळत नाही.

अर्ज वेळेत मंजूर न होण्याचा राग माणसाला कुठवर नेतो, हे पनवेल तालुक्याला नव्याने सांगायची गरज नाही. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेत मिळाली नाही, आणि ते घरी पोचले तेव्हा ती गेलेली होती. पुढे १८७९ साली त्यांनी बंड केले ते सर्वांना ठाऊक आहे. आजचे माजी सैनिक बंड करत नाहीत. ते पुन्हा अलिबागला जातात.

जीआरवर उभ्या असलेल्या हक्काचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अलीकडचेच आहे. मेजर अनुज सूद २ मे २०२० रोजी काश्मीरमध्ये हंदवाडा येथील चकमकीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांचे कुटुंब महाराष्ट्रात स्थायिक होते. पण राज्याच्या धोरणाप्रमाणे आर्थिक मदतीसाठी जवान महाराष्ट्रात जन्मलेला किंवा सलग पंधरा वर्षे इथला रहिवासी हवा होता, म्हणून त्यांच्या पत्नीला लाभ नाकारण्यात आला. सैन्यातल्या माणसाला सलग पंधरा वर्षांचे वास्तव्य विचारायचे, ही कल्पना ज्या टेबलावर सुचली त्या टेबलावर बसलेल्या माणसाची बदली कधी झालीच नसावी. वीरपत्नीला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने सरकारला वारंवार विचारणा केली, कानउघाडणी केली, आणि अखेर एप्रिल २०२४ मध्ये सरकारने एक कोटी रुपये मंजूर केले. तेही ‘विशेष बाब’ म्हणून. यात सगळे आले. हक्क म्हणून दिले असते तर पुढच्या माणसालाही मिळाले असते. विशेष बाब पुढच्याला उपयोगी पडत नाही. त्याला पुन्हा पहिल्यापासून न्यायालयाची पायरी चढावी लागते.

सैनिकासाठी कायदा करणे महाराष्ट्राला जमत नाही, असे नाही. चीनच्या युद्धानंतर, १९६४ साली, राज्याने आपल्या कुळकायद्यात एक स्वतंत्र प्रकरण घातले. सैन्यात असलेल्या किंवा सैन्यातून परतलेल्या जमीनमालकाला कुळाकडून जमीन परत मागण्याची वेगळी वाट त्यात करून दिली आणि अशा जमिनीच्या कुळांच्या खरेदीचीही तरतूद ठेवली. कुळांच्या बाजूने कायदा करणाऱ्या राज्याने, ज्या रायगड जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे संप केला त्या जिल्ह्यासकट साऱ्या राज्यात, सैनिकाला अपवाद केला. आणि तो विधिमंडळात मांडून, मतदानाला टाकून केला. त्याचप्रमाणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये सैन्यदलातल्या घरमालकाला आपले घर राहण्यासाठी परत मिळावे, म्हणून वेगळे कलम आहे. जमीन आणि भाड्याचे घर या दोन बाबींत सैनिकाला कायद्याचे छत्र आहे. नोकरी, कर आणि मदत यांत मात्र जीआर.

नोकरीचेच पाहा. राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. जाहिरातीत तो रकाना दिसतोही. पात्र उमेदवार नाही म्हणून जागा दुसरीकडे वळली की पुढे तिचा हिशेब विधानसभेला द्यायला कोणी बांधील नाही. उत्तर प्रदेशाने १९९३ साली माजी सैनिकांच्या नोकरीतल्या आरक्षणाचा कायदा केला. पंजाबात तर १९४८ पासून युद्धात मुले पाठवणाऱ्या आईवडिलांना जहागीर देणारा कायदा आहे. महाड तालुक्यात फौजी आंबवडे आणि साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी अशी नावे गावांनी अभिमानाने लावली, त्या महाराष्ट्राला यात मागे राहण्याचे कारण काय, ते कळत नाही. कायदा झाला की सगळ्या जागा भरतील असा भाबडेपणा इथे नाही. उत्तर प्रदेशातही सगळे आलबेल असेल असे नव्हे. पण कायद्याखाली अहवाल मागता येतो, प्रश्न विचारता येतो, नियम सभागृहापुढे ठेवावे लागतात. ब्रिटनने २०२१ मध्ये कायदा करून घरे, शिक्षण आणि आरोग्य या बाबतींत सैनिक व माजी सैनिकांचा विचार करण्याचे बंधन थेट स्थानिक संस्थांवर टाकले. आपल्याकडे महापालिकेला फक्त परिपत्रकाची प्रत येते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माजी सैनिकांना कदाचित आवडणार नाही. खारघरच्या टॉवरमध्ये मोठा फ्लॅट असलेला निवृत्त कर्नल आणि कळंबोलीच्या दीड खोलीत राहणारी शिपायाची विधवा, दोघांना करमाफी एकाच मापाने द्यावी का? आमच्या मते देऊ नये. विधवेला पूर्ण, कर्नलला ठरावीक मर्यादेपर्यंत, हे न्याय्य ठरेल. कोणाला हे पटणार नाही, तेही ठीक. पण ही चर्चा कुठे झाली? विधेयक आले असते तर सभागृहात झाली असती. महापालिकेचे जे उत्पन्न यात सुटते ते राज्याने भरून द्यायचे की खड्डे बुजवण्याच्या पैशातून वजा करायचे, हेही तिथेच ठरले असते. मंत्रालय सूट जाहीर करते आणि उत्पन्न सोडते ती महापालिका. मग पालिकेचा अधिकारी सवलतीचा अर्ज उत्साहाने हातात घेत नसेल तर दोष एकट्या त्याचा नाही.

राखीव दलातल्या माणसांची अवस्था तर अधिकच अधांतरी. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतले अधिकारी आणि जवान गरजेप्रमाणे बोलावून घेण्याचा अधिकार दिला. प्रादेशिक सेनेतला माणूस एरवी कारखान्यात, बँकेत, दुकानात असतो. कोल्हापुरात, पुण्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अशा पलटणी आहेत. तो परतला की मालकाने त्याला पुन्हा कामावर घ्यावे, असे प्रादेशिक सेना कायदा, १९४८ सांगतो. पण तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्याचे काय? ठेका दर अकरा महिन्यांनी बदलतो, जुना मालकच उरत नाही, मग परत घेणार कोण? शिवाय अशा जवानाला सलग सेवेचे निवृत्तिवेतन मिळाले नसेल आणि लढताना आलेले अपंगत्व किंवा शौर्यपदकही नसेल, तर माजी सैनिकाच्या व्याख्येत तो बसतच नाही. घरपट्टीची सूट मागायला गेला तर त्याच्याकडे दाखला नाही.

याच व्याख्येबाहेर लवकरच एक मोठा लोंढा उभा राहणार आहे. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. पहिल्या तुकड्या त्या वर्षअखेरीपासून भरती झाल्या. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतील. उरलेले सेवानिधीचे पैसे घेऊन घरी येतील, आणि योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. वय पंचविशीच्या आतबाहेर, हातात चार वर्षांची शिस्त, आणि माजी सैनिकांच्या सवलतींच्या जीआरमध्ये जागा नाही. हरियाणाने त्यांच्यासाठी धोरण जाहीर केले, उत्तर प्रदेशाने पोलिसभरतीत जागा ठेवल्या. पण धोरण म्हणजे पुन्हा तोच कागद. सरकार बदलले, वित्त विभागाने पेन उचलले, की धोरण बदलते.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्राने माजी सैनिक व राखीव सैनिक यांच्या हक्कांचा एकच कायदा करावा. त्यात व्याख्या राज्याची स्वतःची असावी आणि तिच्यात प्रादेशिक सेनेतले जवान व अग्निवीर यावेत. रहिवासाची अट छावणीतली वर्षे धरून मोजावी. करमाफी कोणत्या तारखेपासून, किती आणि तिची भरपाई कोण करणार, हे लिहावे. दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवावे आणि तो तालुक्याच्या ठिकाणी मिळावा. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ मध्ये मुदत, अपील आणि दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड अशी रचना याच राज्याने करून ठेवली आहे. ती उचलून इथे बसवायला फार विद्वत्ता लागत नाही. पनवेल महापालिकेने २०१६ ते २०२० या काळाच्या थकबाकीबाबत आपला ठराव करून राज्याकडे पाठवावा. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरू लागतात. विधेयक त्याआधीच्या अधिवेशनात आले पाहिजे.