समुपदेशनात कमीपणा कसला?

भांडणाचा आवाज शेजारी ऐकू जातो. अबोल्याचा जात नाही. त्यामुळे संवाद आटलेले घर बाहेरून बराच काळ सुखी भासते. मुलाने वडिलांशी बोलायचे ते आईमार्फत, सुनेने सासूला सांगायचे ते नवऱ्यामार्फत, अशी निरोपांची रीत एकदा रुळली की वर्षानुवर्षे चालते. अशा कुटुंबाला समुपदेशकाकडे जाण्याचे सुचवावे, तर ‘आमच्याकडे कोणी वेडे नाही’ हे उत्तर ठरलेले असते.

या उत्तरामागे मोठा गैरसमज आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५४ ते १९५९ या काळात रुग्णांसह त्यांच्या कुटुंबीयांनाही संशोधन केंद्रात ठेवून अभ्यास केला. दोघांमधील ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते, या रचनेला त्यांनी ‘त्रिकोण’ म्हटले. वर सांगितलेली निरोपांची रीत हा असाच त्रिकोण होय. कुटुंबोपचारात म्हणूनच ‘दोषी कोण’ याचा शोध घेतला जात नाही. कोण कोणाशी कसे बोलतो, हे पाहिले जाते. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगायचे आणि मगच उत्तर द्यायचे, असे साधे अभ्यास करून घेतले जातात.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुत: १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहू दिले आणि त्यांना उपचारात सहभागी करून घेतले. नातलगांचे बळ ओळखणारा हा प्रयोग याच भूमीत झाला होता.

पूर्वी वडीलधारी मंडळी हे काम करीत, हेही खरे. परंतु आज तीन-चार माणसांच्या घरात असे वडीलधारे आहेत कुठे? आणि असले, तरी तेही बहुधा एखाद्या पक्षाचेच असतात. समुपदेशक कोणाच्याच पक्षाचा नसतो, हे त्याचे खरे बळ.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयांत समुपदेशकांची तरतूद केली; समेटासाठी आधी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले. मात्र न्यायालयाची पायरी चढेपर्यंत मने इतकी कडवट झालेली असतात की समुपदेशकाच्या हाती फारसे उरत नाही. जे साहाय्य शेवटी घ्यावे लागते, ते आरंभीच का घेऊ नये?

एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. जेथे मारहाण व दहशत आहे, तेथे पीडितेला अत्याचाऱ्यासमोर बसवून ‘जुळवून घे’ असे सांगणे हा उपचार नव्हे. तेथे आधी सुरक्षितता हवी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठीच आहे. घर टिकवण्याच्या नावाखाली माणूस मोडता कामा नये.

ताप अंगात मुरण्यापूर्वी आपण वैद्याकडे जातो. नात्यांच्या बाबतीतही हेच शहाणपण दाखवले पाहिजे. कोठे जावे हे सुचत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक आहे. पहिले पाऊल घरातील थोरांनी उचलावे. मग धाकट्यांना संकोच उरणार नाही.