टेकू किती आणि कशासाठी?

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले आणि या खेळाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत तेथे नेम साधावा लागतो. रायफलीखाली टेकू लावण्यास त्या प्रकारात मुभा नाही. खेळाडूचे शरीर हाच तिचा आधार. त्यामुळे टेकूवर रायफल ठेवून नेम धरणे हा या खेळाचा सवलतीचा, म्हणून कमी प्रतीचा प्रकार असावा, अशी सामान्य वाचकाची सहज समजूत होते. ही समजूत तपासून घेतली पाहिजे. कारण तिच्यामागचा प्रश्न केवळ नेमबाजीपुरता नाही.

टेकू वापरून दूरवरचे लक्ष्य साधण्याची ‘एफ-क्लास’ नावाची शाखा कॅनडात उदयास आली. जॉर्ज फार्कर्सन या नेमबाजाच्या आडनावाचे आद्याक्षर तिने धारण केले आहे. वयोमानाने दृष्टी मंदावलेल्या, दंडाला पट्टा आवळून रायफल पेलणे ज्यांना अशक्य झाले अशा जुन्या नेमबाजांना मैदान सोडावे लागू नये, हा तिचा मूळ हेतू होता. त्यांना दुर्बीण मिळाली, टेकू मिळाला. परंतु म्हणून खेळ सोपा झाला असे मात्र नव्हे. 1000 यार्डांवर पोहोचण्यास गोळीला सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत वाऱ्याची एखादी झुळूक तिला सहज बाजूला लोटते. हाताचा कंप हिशेबातून गेला की वारा ओळखण्याचे कसब उघडे पडते, आणि त्याला सबब उरत नाही.

असा टेकू तयार करणे हेही सोपे काम नाही. पुढचा टेकू आणि मागची वाळूची पिशवी यांत 60 सेंटिमीटर अंतर आहे असे धरले, तर पुढचे टोक एक दशांश मिलिमीटर उचलले जाताच 1000 यार्डांवर नेम सुमारे 15 सेंटिमीटर वर सरकतो. तेथील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे 25 सेंटिमीटर असतो. म्हणजे मध्यबिंदूवर धरलेला नेम एवढ्यानेच वर्तुळाबाहेर जातो. एका फेऱ्यात एक मिलिमीटर चढणारे साधे मळसूत्र येथे फारच भरड ठरते. एकाच दांड्यावर 1.25 आणि 1 मिलिमीटर अंतराचे, एकाच दिशेचे आटे पाडले, तर एका पूर्ण फेऱ्यात टेकू फक्त पाव मिलिमीटर सरकतो. आट्यांमधील ढिलाई जावी म्हणून नेम नेहमी एकाच बाजूने जुळवीत आणावा लागतो. पाय तीनच असावेत. तीन दगडांची चूल कशाही जमिनीवर डळमळत नाही, त्यातलेच हे तत्त्व. बैठक रुंद आणि जड हवी. रायफल जेथे विसावते त्या पिशवीने तिला दोन्ही बाजूंनी सावरावे, पण आवळू नये. कारण गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का प्रत्येक वेळी सारख्याच मोकळेपणाने जिरला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्यापाशी यंत्रशास्त्र संपते आणि न्यायाचा विचार सुरू होतो. टेकूने रायफलीला पक्के जखडावे, आणि गोळी सुटल्यावर ती आपोआप पूर्वीच्याच बिंदूवर परत यावी, अशी रचना करणे कुशल कारागिराला अवघड नाही. परंतु स्पर्धेचे नियम नेमके याच गोष्टीस मनाई करतात. भार टेकूने वाहावा. प्रत्येक गोळीचा नेम मात्र माणसाने नव्याने धरावा. सवलत आणि कौशल्य यांमधली सीमारेषा येथे इतकी स्वच्छ आखली गेली आहे की इतर क्षेत्रांनी तिचा धडा घ्यावा.

दिव्यांगांच्या नेमबाजीतही हीच दृष्टी आढळते. ज्यांच्या हातांना रायफलीचे वजन पेलत नाही, अशा खेळाडूंच्या ‘एसएच-2’ गटात रायफलीखाली स्प्रिंगवर उभा असलेला आधार दिला जातो, आणि त्या स्प्रिंगचे बळ खेळाडूच्या शारीरिक क्षमतेनुसार ठरते. स्प्रिंग वाजवीपेक्षा कडक असेल तर आधारच खेळू लागेल. वाजवीपेक्षा नरम असेल तर खेळाडूला खेळताच येणार नाही. आधार कोणाला आणि किती, याचे उत्तर येथे दयेने दिलेले नाही. मोजमापाने दिलेले आहे.

आपल्या समाजात मात्र आधाराचा विषय निघाला की एक तर करुणेचा पूर येतो, नाही तर संशयाचा. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे पर्यवेक्षकाने संशयाने पाहावे, हे दृश्य शिक्षकवर्गास अपरिचित नसावे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवारास लेखनिक मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये सांगावे लागले. लेखनिक हाताचे काम करतो, बुद्धीचे नव्हे. तो टेकू आहे. त्याने उत्तर सुचवू नये, हा नियम जितका कडक असावा, तितकाच तो गरजूला नाकारला जाऊ नये, हाही असावा. हे दोन नियम परस्परविरोधी नाहीत; एकाच न्यायाची ती दोन अंगे आहेत.

या दृष्टीने आपल्या तंत्रनिकेतनांना व अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक सूचना करावीशी वाटते. लेथ, ओतीव लोखंड आणि मळसूत्र यांखेरीज ज्याला फारसे काही लागत नाही, असा टेकू बनविणे हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी उत्तम विषय आहे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी ओतशाळाही आहेत आणि नेमबाजही. एखाद्या दिव्यांग खेळाडूला समोर बसवून, त्याच्या हाताला झेपेल ते त्याच्याकडेच ठेवून, उरलेलाच भार टेकूवर घालण्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी केला, तर यंत्राबरोबर माणूसही त्यांच्या अभ्यासात येईल. पुढे शाळेत, कचेरीत वा शासनात बसून इतरांना किती आधार द्यायचा हे ठरविण्याची वेळ त्यांच्यापैकी अनेकांवर येणार आहे. तो हिशेब विद्यार्थिदशेतच हाताखालून गेलेला बरा.