जिंकले की देश, हरले की जात!

फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांत अर्जेंटिना, ब्राझीलचे झेंडे लागतात. आम्हा बार्शीकरांनाही हा ज्वर चढतो. खेळावर प्रेम जरूर करावे. परंतु सामन्याआधी ज्या खेळाडूला डोक्यावर घेतले जाते, तो हरल्यावर त्याला 'आपला' कोण म्हणतो, हा खरा प्रश्न आहे.

११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरले. रॅशफोर्ड, सांचो, साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला.

गोऱ्यांना नावे ठेवण्याआधी आपले घर पाहू. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ऑलिंपिक हॉकीच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला संघ अर्जेंटिनाकडून हरला. चारच दिवसांपूर्वी हॅट्ट्रिक करणाऱ्या वंदना कटारियाच्या हरिद्वारमधील घरासमोर फटाके फोडून जातीवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार कुटुंबाने दिली. ॲट्रॉसिटी कायद्यान्वये गुन्हा दाखल झाला. हरला अख्खा संघ. जात मात्र एका घराची काढली गेली! याला राष्ट्रप्रेम म्हणायचे काय?

जाती राष्ट्रविरोधी आहेत, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. कायदा गुन्हेगाराला शिक्षा देऊ शकतो. बंधुता मात्र समाजालाच अंगी बाणवावी लागेल. म्हणून पुढच्या अंतिम सामन्याला झेंडे खुशाल लावा. पण हरलेल्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी ठेवूनच लावा.