सेनापतीचे नाव

‘ऑथेल्लो’ ही निव्वळ संशयाची शोकांतिका आहे, तिच्यात वर्णभेद शोधणे म्हणजे आजची भांडणे चारशे वर्षे मागे नेणे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मराठीत हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली आणले, पुढे देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. आपणही ते बहुधा नवरा-बायको आणि हरवलेला रुमाल एवढ्यावरच वाचतो. मला हे वाचन अपुरे वाटते, आणि त्याला पुरावा नाटकाच्या शब्दांतच आहे.

पहिला प्रवेश पाहा. खलपात्र इयागो, त्याचा साथीदार रॉड्रिगो आणि ऑथेल्लोचा सासरा ब्रबान्शियो, तिघेही या सेनापतीविषयीच बोलतात, पण ‘ऑथेल्लो’ हे नाव एकाच्याही तोंडी येत नाही. तो फक्त ‘मूर’. कुणी त्याच्या ओठांवर घसरतो, कुणी त्याला मेंढ्याच्या, घोड्याच्या पंक्तीला बसवतो. त्याचे नाव प्रथम उच्चारतो तो व्हेनिसचा ड्यूक, तिसऱ्या प्रवेशात. तेव्हा तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत असते. गरज पडली, तेव्हा नाव आठवले!

यावर म्हणतात, शिव्या तर खलपात्राच्या आहेत. मग ड्यूकच्या स्तुतीचे काय? जावई काळा कमी आणि गोरा अधिक आहे, अशा अर्थाचे तो ब्रबान्शियोला समजावतो. हेतू चांगला, पण माप तेच. मला इयागोच्या शिवीपेक्षा ही शाबासकी जास्त बोचते. शिवीला उलट उत्तर देता येते, शाबासकीपुढे मान लववावी लागते.

वर्णाची जाणीव त्या काळी नव्हतीच, हेही खरे नाही. १५९६ साली राणी एलिझाबेथच्या नावाने निघालेल्या पत्रांत काळ्या माणसांना देशाबाहेर धाडण्याची भाषा आहे. नाटक दरबारात झाले ते १६०४ साली.

ऑथेल्लो आपल्या बोलण्याला ओबडधोबड म्हणतो, आणि तेही अत्यंत घडीव छंदात. पण तिसऱ्या अंकात पत्नीचे नाव डागाळले हे सांगायला त्याला उपमा सुचते ती स्वतःच्याच चेहऱ्याची. इयागोची भाषा आता त्याच्या जिभेवर आहे. चौथ्या अंकात ते घडीव वाक्यच फुटते, तुटक शब्द उरतात आणि तो मूर्च्छित पडतो.

शेवटी तो एक जुनी गोष्ट सांगतो. अलेप्पोत एका तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, तेव्हा आपण त्या तुर्काला ठार केले. कसे, ते दाखवत तो सुरी स्वतःच्याच अंगात खुपसतो.