झाडाला देव न मानता



आमच्याकडे चर्चच्या आवारात काही नवे बांधायचे ठरले, की पहिला प्रश्न जागेचा येतो आणि पहिला बळी झाडाचा जातो. मग सभागृह असो, गाड्या लावायची जागा असो की लूर्दमातेची गुहा. पॅरिशच्या बैठकीत कोणीतरी दबक्या आवाजात विचारते, "ते जुने झाड तोडायलाच हवे का?" त्यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, "एकाच्या जागी दहा लावू." आणि दुसरे, जे ऐकून विचारणारा गप्पच बसतो, "आपण काय झाडाची पूजा करणारे लोक आहोत?"

या दोन्ही उत्तरांबद्दल आम्हाला काही म्हणायचे आहे. पण त्यासाठी थोडे लांब, वेल्सपर्यंत जावे लागेल.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस आमचे तिकडे जाणे झाले. पॅरिशमधल्या एका घरची मुलगी तिथे परिचारिका आहे, तिच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. समारंभ आटोपल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले. लंडन दाखवते म्हणत होती, आम्ही म्हटले जवळचे काहीतरी दाखव. तिने आम्हाला पेम्ब्रोकशायरच्या उत्तर भागात नेले. एकीकडे समुद्र, एकीकडे प्रेसेलीचे बुटके डोंगर, आणि मध्ये हिरवी शेते, मेंढ्या, दगडमातीच्या बांधांवर उगवलेली कुंपणे. रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने मागे जायलाच हवे. प्रत्येक पाटी दोन भाषांत, वेल्श आणि इंग्रजी. बेळगावकडच्या माणसाला दोन भाषांच्या पाट्या पाहून काय वाटते ते सांगायला नको. पण तो विषय आज नाही.

आम्ही गेलो ते रान म्हणजे टी कानोल. वेल्शमध्ये याचा अर्थ 'मधले घर'. नकाशावर ते अगदी लहान दिसते, आणि आपल्या खानापूरच्या जंगलातून आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत थोडी निराशाच होते. झाडे उंच नाहीत. ओकची झाडे, तीही वाकडीतिकडी, खुरटलेली, फांद्या कोपरातून मोडल्यासारख्या. पायाखाली मोठाले धोंडे, आणि त्या धोंड्यांवर, बुंध्यांवर, फांद्यांवर, जिथे नजर जाईल तिथे शेवाळ. बाहेर वारा होता, आत मात्र आवाज सगळा गिळल्यासारखा. बोलताना आम्ही आपोआप मिस्सेच्या आधी बोलतो तसे हळू बोलू लागलो.

मग जवळून पाहू लागलो. एका ओकच्या सालीवर करड्या, पोपटी, पिवळसर खपल्या होत्या, काही पानांसारख्या, काही दाढीसारख्या लोंबणाऱ्या. सोबतच्या बाईंनी त्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "हे तर दगडफूल!" खरेच, आपल्या गोडा मसाल्यात पडते त्याच्याच कुळातले. दगडफूल म्हणजे एक वनस्पती नव्हेच. बुरशी आणि शेवाळवर्गातला एक सूक्ष्म जीव असे दोघे मिळून केलेला तो संसार आहे. एक आसरा देतो, दुसरा उन्हातून अन्न बनवतो. टी कानोलमध्ये दगडफुलाच्या जवळजवळ ४०० जाती सापडल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांना स्वच्छ हवा लागते, ओल लागते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे जुनी साल लागते. त्या फार हळू वाढतात आणि फार हळू पसरतात. जुन्या झाडाशेजारी दुसरे जुने झाड असेल तरच त्यांना पुढचा मुक्काम मिळतो.

इथे 'एकाच्या जागी दहा लावू' या उत्तराचा विचार करावा लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये 'प्राचीन वन' कशाला म्हणायचे याची एक मोजपट्टी आहे. जिथे निदान १६०० सालापासून आजवर सलग रान आहे, ते प्राचीन. आम्हाला आधी वाटले, म्हणजे तिथली झाडे चारशे वर्षांची असणार. तसे नाही. एखादे झाड शंभर वर्षांचेही असेल. जुनी असते ती जमीन, आणि तिथल्या रानाचे न तुटलेले सातत्य. मातीतली बुरशी, पडलेल्या लाकडातले किडे, सावलीत उगवणारी फुले, सालीवरची दगडफुले, हे सगळे एका झाडाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात आलेले असते. मध्ये एकदा जमीन मोकळी केली की साखळी तुटते. मग तिथे दहा नव्हे, दहा हजार रोपे लावा, तुम्हाला झाडे मिळतील, ते रान मिळणार नाही. प्रेषितांपासून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती आलेला विश्वास आपण मानतो. सलग सोपवले जाण्याची किंमत निदान आपल्याला तरी समजावून सांगावी लागू नये.

आणखी एक गोष्ट. असे रान माणसाने हात लावला नाही म्हणून टिकते, असा आमचा समज होता. वेल्समधल्या ओकच्या रानांचा इतिहास वेगळे सांगतो. तिथे लोक शतकानुशतके लाकूड तोडत आले. बुंध्यापाशी तोडायचे, मग त्याच खोडाला धुमारे फुटू द्यायचे, काही वर्षांनी पुन्हा तोडायचे. ओकची साल कातडी कमावायला जात असे. जनावरे चरत. रान उपयोगी होते म्हणून कोणी नांगराखाली घातले नाही. आजही रान नुसते सोडून दिले तर आयव्हीचे वेल आणि काटेरी हॉली माजतात, बुंधे अंधारात जातात आणि उजेडावाचून दगडफूल मरते. टी कानोल आता राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. पण कायद्याची पाटी लावून रान राखले जात नाही, कोणाला तरी कोयती घेऊन आत जावे लागते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि तिचे राखण करायला. आपण यातली एकच बाजू धरतो. बांधकामवाले फक्त मशागत धरतात आणि आमच्यासारखे हळवे लोक फक्त राखण.

रानापासून पायी जाण्याच्या अंतरावर पेंट्रे इव्हान आहे. ख्रिस्तपूर्व ३५०० च्या सुमारास उभारलेले, तीन उभ्या शिळांच्या टोकांवर तोललेले सुमारे १६ टनांचे छत. मेलेल्यांसाठी बांधलेले. खाली उभे राहून आम्ही वर पाहिले आणि दोन पावले मागे सरलो, एवढे सांगून पुढे जातो.

पुढे म्हणजे नेव्हर्न गावात, कारण दुसऱ्या उत्तराचे उत्तर आम्हाला तिथल्या चर्चच्या आवारात मिळाले. हे चर्च संत ब्रिनाख यांच्या नावाचे. सहाव्या शतकातला हा तपस्वी जवळच्या कार्न इंगली डोंगरावर जाऊन देवदूतांशी बोलत असे, अशी आख्यायिका आहे. आवारात सुमारे चार मीटर उंचीचा दगडी क्रूस आहे, दहाव्या-अकराव्या शतकातला, अंगभर गुंफलेल्या वेलपट्ट्यांची नक्षी. दरवर्षी ७ एप्रिलला, संतांच्या सणादिवशी, कोकिळेच्या कुळातला कुक्कू पक्षी आफ्रिकेहून येऊन या क्रूसावर बसून पहिली साद घालतो, आणि तोवर पाद्री मिस्सा सुरू करत नसत, असे सांगतात. एका वर्षी पक्ष्याला उशीर झाला. लोक थांबले. तो आला, ओरडला, आणि तिथेच मरून पडला. पाखरासाठी मिस्सा थांबवणारी मंडळी आम्हाला तरी आवडली.

चर्चच्या वाटेवर दुतर्फा यू जातीची जुनी झाडे आहेत, सुमारे सातशे वर्षांची मानतात. त्यांतल्या एकाच्या खोडातून रक्तासारखा तांबडा रस ठिबकतो. आम्ही बोट लावून पाहिले, चिकट होता. निरपराध साधूला या झाडावर फाशी दिले, म्हणून ते रडते, अशी एक कथा. कथा अशा की आपल्या गावात त्या झाडाला एव्हाना शेंदूर लागला असता, किंवा कोणा उत्साही धर्मशिक्षकाने 'अंधश्रद्धा' म्हणून ते तोडून तरी टाकले असते. तिथे दोन्ही झाले नाही. लोक त्याच्या खालून उपासनेला जातात, थांबतात, कथा मुलांना सांगतात, आणि आत जाऊन गुडघे टेकतात ते देवापुढे.

पूजेची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात वेदीशेजारी अशेरा म्हणून कोणतेही झाड लावू नका, अशी स्पष्ट आज्ञा आहे. पण त्याच पुस्तकात चारच अध्याय पुढे जा. शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका, असेही तिथे सांगितले आहे. पहिली आज्ञा आमच्या बैठकांत ऐकू येते, दुसरी कधी कोणी वाचत नाही. आपल्या मराठी बायबलात जक्कय येशूला पाहायला चढतो तो उंबरावर. तोच उंबर, ज्याच्याखाली आपले शेजारी दत्ताच्या पादुका मांडतात. येशूने त्या झाडाला काही म्हटले नाही, फक्त माणसाला खाली बोलावले.

सह्याद्रीच्या गावोगावी देवराया आहेत. तिथली काटकीही कोणी उचलत नाही, कारण देव कोपेल. आपण ख्रिस्ती लोकांना तो धाक राहिला नाही, आणि न राहणे योग्यच आहे. पण धाक गेल्यावर त्याच्या जागी आपण काय ठेवले? पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' २०१५ साली आले. एका ठिकाणी त्यावर शिबिर झाले, फलक लागले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिथल्या आवारातला पिंपळ पार्किंगसाठी गेला. झाडाला देव मानणाऱ्या शेजाऱ्याचे झाड उभे आहे, आणि झाडाला देवाची निर्मिती मानणाऱ्या आमचे झाड वखारीत आहे, हे आम्हाला लाजिरवाणे वाटते. सृष्टी देवाने केली यावर आमचा खरा विश्वास असेल, तर आमच्या कुंपणाच्या आतली सावली जास्त दाट असायला हवी होती.

परत आल्यावर धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना आम्ही सुतळी दिली आणि आवारातल्या नि कबरस्थानातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायला सांगितला. अकरा झाडे निघाली. सर्वांत जाड आंबा, दोन मुलांच्या कवेत न मावणारा, आणि त्याच्या सालीवर उत्तरेच्या अंगाला करड्या खपल्या. ती यादी, घेरासकट, पॅरिशच्या पुढच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत. नव्या सभागृहाच्या आराखड्यात त्या आंब्याच्या जागी सध्या जिना दाखवला आहे.