शिबिरातला आकडा म्हणजे निदान नव्हे

मागच्या आंबिया बहारात वरूडजवळच्या गावातले एक संत्रा बागायतदार काका गोळ्यांची पट्टी घेऊन आले. "साहेब, शिबिरात मले शुगर निघाली, दोनशे तीस." त्या एका आकड्यावर गोळी सुरू झाली होती. दोन दिवसांपासून घाम, थरथर, चक्कर. "तपासणीआधी काय करत होतात?" "संत्रं सोलून खाल्लं." गोळी थांबवली. आठवड्याने लॅबमध्ये उपाशीपोटीची साखर ९४ आणि एचबीए१सी ५.५ आली. काकांना मधुमेह नव्हताच!

दोष मशीनचा नाही, ते वापरणाऱ्यांचा आहे. ग्लुकोमीटरची पट्टी म्हणजे छोटा विद्युत-रासायनिक सेन्सर. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजशी क्रिया करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मशीन तो विद्युतप्रवाह मोजतं. ही कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. पण साखर रक्तातली की बोटावरच्या संत्र्याची, हे पट्टीला कळत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने ती पूर्ण निघत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात.

बहुतेक पट्ट्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, आणि पट्ट्यांची उघडी डबी मांडवात टेबलावर पडलेली असते. त्यात रुग्णाला रक्तक्षय असेल, तर बऱ्याच मीटरवर साखर खोटी जास्त दिसते. आपल्या भागात रक्तक्षय किती बायांना आहे, हे सांगायला हवं का?

सगळं नीट केलं तरी आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या साखरेला १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे लॅबची १२६ मीटरवर १०७ ही दिसू शकते आणि १४५ ही. उपाशीपोटी १२६ ही तर मधुमेहाची सीमारेषा! अशा यंत्रावर आयुष्यभराचा शिक्का मारायचा?

"शिबिरामुळे निदान रोग सापडतो तरी," असं आयोजक म्हणतात. मान्य. शिबिराने संशयित शोधावेत, जरूर शोधावेत. पण संशयिताला त्याच टेबलावर गोळी देणं ही सेवा नव्हे, निष्काळजीपणा आहे. आणि १०७ दिसलेला खरा मधुमेही "नॉर्मल" ऐकून घरी जातो, त्याचं काय?

म्हणून एवढं करा:

• बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा.
• आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त देऊन लॅबमध्ये तपासणी करा. लक्षणं नसतील तर दोन तपासण्या जुळल्याशिवाय निदान मानू नका.
• सिकलसेल असेल तर आधी सांगा. त्यात एचबीए१सी फसवू शकते.
• खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः जे इन्सुलिन घेतात, त्यांनी मीटर टाकून देऊ नये. रोजची चढ-उतार पाहायला ते उत्तम आहे. आणि आधीपासून सुरू असलेली गोळी माझा लेख वाचून परस्पर बंद करू नका. आधी तपासणी करा, मग ठरवू.